दातेरी रुळावरची किटली

म्हातारपणी घरात खेळणं आलं आणि मी कपाळाला हात लावला.

लेक पुण्याहून आली ती दोन जड खोकी घेऊन. मला वाटलं, मिक्सर असेल. उघडून बघते तर आगगाडी. मांजराएवढं, विजेवर चालणारं लाल इंजिन, दोन उघडे डबे, पितळी रुळांच्या गड्ड्या आणि एका पिशवीत कसल्याशा दातेरी पट्ट्या. तिच्या कंपनीतला परदेशी साहेब कायमचा मायदेशी चालला होता. त्याच्या बंगल्याच्या बागेत ही गाडी फिरायची. न्यायला अवघड, टाकून द्यायला जीव होईना, म्हणून त्यानं ती हिला दिली आणि हिला बाप आठवला.

"बाबाला करमत न्हाई म्हणतीस ना," ती म्हणाली, "हे घे आता."

बाबा म्हणजे आमचे हे. नाव निवृत्ती, पण निवृत्त व्हायचं नाव नाही. सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होते. वय झालं म्हणून घरी बसवलं, तरी गाळपाच्या तोंडावर कारखान्याचं बोलावणं यायचंच. गव्हाणीत ऊस वाहून नेणारी साखळी ह्यांच्या हाताशिवाय सरळ चालत नाही, अशी तिथं समजूत होती आणि ती ह्यांनी कधी खोडून काढली नाही. त्या वर्षी मात्र बोलावणं आलं नाही. लागोपाठ पाऊस बुडाला होता, होता तेवढा ऊस जनावरांच्या छावणीला गेला आणि कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही. मग हे दिवसभर ओट्यावर बसून माझ्या कामात खोट काढायचे. भाकरी गोल नाही, झाडू असा धरतात का. तेव्हा खरं सांगायचं तर कपाळाला हात लावला तो वरवरचा. आतून म्हटलं, बरं झालं, माझ्या मागची पीडा गाडीच्या मागं लागली.

आमचं गाव नेकनूरच्या अलीकडं, डोंगराच्या कुशीला. घरामागून जमीन चढत जाते आणि वर टेकाडावर छबुआक्काचं घर आहे. मध्ये कुंपण नाही. मी खालून हाक मारली तर आक्का वरून ओ देते, एवढंच काय ते अंतर. पण चढ असा की माझे गुडघे निम्म्यात बोलायला लागतात, आणि आक्का माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. नवरा गेला, मुलगा मोहनराव पुण्यात नोकरीला, आणि ही त्या घरात एकटी. एके काळी साऱ्या गावाचं पाणी तिच्या दारात होतं. आता तिची विहीर कोरडी ठणठणीत, आणि गोड पाणी राहिलं होतं ते आमच्या दारातल्या हापशाला. वापरायचं पाणी टँकरवाला वरच्या रस्त्यावरून पाइप टाकून तिच्या टाकीत सोडून जायचा, पण ते मचूळ. चहा करावा तर दूध फाटायचं. पिण्याचं पाणी खालूनच न्यावं लागे.

आणि बाई हट्टी. मी कळशी पोचवते म्हटलं की म्हणायची, "माझ्यापायी कुणाच्या डोक्यावर वझं नको. माझं मी नेते." तांब्या-तांब्या करून स्वतः न्यायची. एक दिवस चढावर पाय निसटला. तांब्या एकीकडं, आक्का एकीकडं. हाड मोडलं नाही हे नशीब, पण कंबर अशी धरली की चालणं खाटेपासून ओट्यापर्यंतच उरलं. त्यानंतर दोनदा मी गुडघे चोळत कळशी वर नेली. दोन्ही वेळा तिनं माझ्याकडं न बघता ती ओतून घेतली. तिसऱ्या वेळी दाराला आतून कडी. हाका मारल्या, तर आतून आवाज आला, "मला तान न्हाई." टाकीतलं मचूळ पाणी उकळून पीत होती.

मोहनरावानं फोन केला. आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला येतो, वाडवडलांची घागर पुजली की दुसऱ्या दिवशी आईला पुण्याला घेऊन जातो, तिथं नळाला पाणी आहे. त्याचं काही चुकत नव्हतं. आईनं मचूळ पाणी प्यावं असं कुठल्या मुलाला वाटेल? पण आक्का त्या दोन खोल्यांत, लिफ्टच्या दाराशी, किती दिवस काढील हे मला दिसत होतं. दाराला चिंच नाही, समोर डोंगर नाही, भांडायला मी नाही. तिला जायचं नव्हतं. ती बोलली नाही, पण तिनं पितळेची मोठी भांडी घासून फडताळात ठेवली आणि वरून कापड घातलं, तेव्हाच मला कळलं की ही मनातून निघाली. आणि ती गेली असती तर माझं एक कायमचं राहून जाणार होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी ह्या गावात नवी नवरी होऊन आले. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी घागर घेऊन पाण्याला पळायचं. पाणी राहिलं होतं ते एकट्या आक्काच्या सासऱ्याच्या विहिरीला. आमची वस्ती बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, पण विहिरीच्या मालकाला ते कुणी पटवलं नव्हतं. आमच्या बायांनी काठापासून लांब उभं राहायचं. घरातली कुणी येईल, पोहरा ओढील आणि वरून आमच्या घागरीत ओतील तेव्हा पाणी. कुणी आलं नाही तर उभं राहायचं. धार घागरीत कमी आणि अंगावर जास्त, आणि मान सगळा वेळ खाली.

ओतायचं काम धाकट्या सुनेकडं होतं, म्हणजे आक्काकडं. एका संध्याकाळी मी पुढं होते. तिनं पोहरा काठावर आदळला, दोर माझ्यापुढं टाकला आणि म्हणाली, "माझे हात भरून आलेत. तुमची तुमी शेंदा."

एवढंच. पुढं ना मागं एक शब्द नाही. मी काठावर गेले, दोर धरला आणि शेंदलं. पहिला पोहरा वर आला तेव्हा मान ताठ होती, हे मला अजून आठवतं. सासऱ्यानं तिला काय-काय सुनावलं ते सगळ्या गावानं ऐकलं. पण दुसऱ्या दिवशी दोर काठावरच होता, तिसऱ्या दिवशीही होता, आणि पुढं आमच्या वस्तीनं पाणी स्वतःच्या हातानं शेंदलं.

आता कुणी म्हणेल, पाणी काय तिच्या सासऱ्यानं पाडलं होतं? हक्काचं होतं ते मिळालं, त्याचे आभार कसले? हे मीही म्हणते, आणि मोठ्यानं म्हणते. ज्यांनी वरून ओतलं त्यांचे आभार मी कधी मानणार नाही. पण दोर टाकला तो एकाच हातानं, आणि बोलणी खाल्ली तीही त्याच बाईनं. ते तिचं मला तिच्या तोंडावर सांगायचं होतं. पुढं आम्ही बायकांची दूध सोसायटी काढली, ती चेअरमन आणि मी सेक्रेटरी. वर्षानुवर्षं शेजारी बसून दूध मापलं. दोन-तीनदा मी धीर करून विषय काढला. "आक्का, त्या दिवशी विहिरीवर..." की ती लगेच, "फॅट किती लागली ते बघ आधी." ह्या बाईला आभार घ्यायची सवयच नाही. द्यायला गेलं की ती दाराला कडी लावते.

तर ही अशी बाई पुण्याला निघालेली, आणि खाली आमचे हे कडुलिंबाभोवती आगगाडी गोल-गोल फिरवत बसलेले.

त्याच उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी आणलं. टीव्हीवर दुसरी बातमीच नव्हती. पाण्याच्या टाक्यांची लांबच लांब गाडी, तिला हार-तुरे. हे जेवता-जेवता थांबले. भाकरीचा तुकडा हातात तसाच.

"लातूरला रेल्वेनं पाणी येतंय," हे म्हणाले, "मग छबुआक्काला कावून येऊ न्हाई?"

मी हसले. मग हसू थांबलं. डोक्यावर वझं नको म्हणते ना? मग ह्यात कुणाचं डोकं आलं? आमच्या सोसायटीची दोन लिटरची दुधाची किटली माझ्या फळीवर पडून होती. मी ती घासून आणली आणि डब्यात ठेवून बघितली. मापानं शिवल्यासारखी बसली.

दुसऱ्या दिवशी कचरू येऊन मिळाला. कचरू म्हणजे ह्यांचा जोडीदार, आयुष्यभर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस वाहिलेला माणूस. तोही त्या वर्षी रिकामाच. आवाज असा की शेजारच्या गावातल्या लोकांनी ह्यांची भांडणं ऐकावीत.

"बे निवृत्ती, एवढा चढ हे खेळणं चढंल का? चाकं जाग्यावर फिरतील."

"चाकं चढत न्हाईत. दात चढतात," हे म्हणाले आणि इंजिन उलटं करून दाखवलं. त्याच्या पोटाखाली एक दातेरी चाक होतं. रुळांच्या मधोमध ती दातेरी पट्टी बसवायची. मग इंजिन दातात दात अडकवत शिडी चढल्यासारखं चढतं. गव्हाणीच्या साखळीत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगायला साहेब कशाला हवा?

पण जमीन आमची काळी. पाण्यावाचून तिला हात जाईल अशा भेगा पडलेल्या. पहिल्यांदा रूळ मातीवरच टाकले, तर दोन दिवसांत एक रूळ वर, एक खाली, जणू रुसलेल्या जावा. मग सगळं काढलं. चढाच्या वाटेवर मुरूम टाकला, चोपला, वर बारीक खडी पसरली. ती खडी मी स्वतः फोडून दिली. बहात्तरची सवय, हात विसरले नव्हते.

सपाटीला साधे रूळ आणि जिथून चढ सुरू होतो तिथून दातेरी पट्टी. ती रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर खटके दाबून बसवायची. एक पट्टी संपून दुसरी सुरू होते तिथं दोन दातांमधलं अंतर जरासं चुकलं की इंजिन कचकन उडी मारायचं. त्यावर ह्यांनी युक्ती काढली. सांध्यावर तिसरी पट्टी उलटी दाबून धरायची, सगळे दात एकमेकांत बसले की मगच खटके लावायचे. पट्टीच्या पहिल्या काही दातांना कानशीनं घासून उतरतं केलं, म्हणजे इंजिनाचं चाक अलगद आत शिरतं. उन्हानं रूळ फुगतात म्हणून सांध्यात फट ठेवली. हे वाकून काम करायचे आणि कचरू उभा राहून मत द्यायचा. माझ्या भाकऱ्या त्या दिवसांत अगदी गोल होत्या, कुणी एक शब्द बोललं नाही.

आक्का वरून सगळं बघत होती. तिनं खाट ओट्यावर ओढून घेतली होती. मी वर बघितलं की ती डोंगराकडं बघायची.

मग डबा सुटायला लागला. इंजिनाला एक आकडा आणि डब्याला एक कडं, आकडा कड्यात अडकला की गाडी जोडली. सपाटीवर काही नाही. पण चढाला लागताना इंजिन नाक वर करायचं, त्याचा मागचा आकडा खाली जायचा आणि कड्यातून अलगद निघायचा. इंजिन पुढं, डबा मागंच. ह्यांनी चढाची सुरुवात एकदम न ठेवता हळूहळू उचलली, खालून मुरूम भरत भरत. खोक्यात जादा आकडे होते, ते डब्यालाही लावले, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना धरलेलं. रिकामा डबा वरपर्यंत गेला. आक्काच्या ओट्यापाशी जाऊन थांबला आणि आक्कानं पदरानं तोंड झाकलं. हसत होती की काय, ते खालून दिसलं नाही.

भरल्या किटलीची परीक्षा राहिली होती. ती आखितीच्या सकाळीच घ्यायची वेळ आली, कारण आदल्या दिवसापर्यंत रूळ बसवणंच चाललं होतं. मोहनराव सकाळीच पोचला. त्याची मोटार वरच्या रस्त्यानं त्यांच्या दाराशी. आईच्या दोन पिशव्या ओट्यावर आणून ठेवलेल्या मी खालून बघितल्या.

ह्यांनी किटली हापशावर भरली, झाकण लावलं, डब्यात ठेवली. मोहनराव वरून कौतुकानं बघत होता, मुलांचं गॅदरिंग बघावं तसा. गाडी निघाली. सपाटी संपली, दातेरी पट्टी आली, चाक आत शिरलं, टकटक आवाज सुरू झाला. चढ लागला. आकडे धरून होते. गाडी निम्म्यावर गेली, निम्म्याच्या वर गेली. आणि बाभळीच्या मुळापाशी, जिथं चढ सगळ्यात उभा, तिथं किटलीच्या वजनानं डबा मागं ओढला गेला, आकडा वाकला आणि सुटला.

इंजिन एकटंच वर गेलं, मोकळं. डबा उलटा खाली निघाला. आधी हळू, मग जोरात. कचरू धावला पण उशीर झाला. वळणावर डबा रुळावरून उडाला, किटली आपटली आणि झाकण निघालं. दोन लिटर गोड पाणी. भेगेत गेलं आणि जमिनीवर ओल सुद्धा राहिली नाही. त्या उन्हाळ्यात पाणी सांडणं म्हणजे काय, हे त्या उन्हाळ्यात राहिलेल्यालाच कळेल. आम्ही तिघंही त्या भेगेकडं बघत राहिलो.

मोहनराव थोडा खाली उतरून आला. चांगला मुलगा आहे. "काका, काकू, तुम्ही आईसाठी एवढं केलंत, मी विसरणार नाही," तो म्हणाला. "पण हे शेवटी खेळणं आहे."

खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्त लागलं. तो वर गेला. इथं ह्यांची आणि कचरूची जुंपली.

"आकडा पिचका हाय," कचरू.

"आकड्याला काय झालंय? किटली निम्मी भरायला पायजे होती."

"मग तार बांध बे. ट्रॉलीला आमी पिन निघाली की तारच बांधतो."

"तार बांधली तर तार तुटंल."

"तुटंल कावून? मी बांधलेली तार?"

"गप बसा दोघं," मी म्हणाले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. तिकडं बाईच्या पिशव्या भरून ठेवलेल्या आणि इकडं ह्यांची तार.

तेवढ्यात वरून हाक आली. कितीतरी दिवसांनी आक्कानं मला हाक मारली होती.

"मालन, डेअरीच्या चढावर कॅनची गाडी आपुन कशी न्यायचो गं?"

मी वर बघितलं. ती खाटेवर उठून बसली होती, एक हात कमरेवर.

सोसायटीच्या दारात चढ होता. दुधाच्या कॅनची चाकांची गाडी तिथून वर टेम्पोपर्यंत न्यावी लागायची. पहिल्याच आठवड्यात आम्ही ती पुढून दोरीनं ओढली होती, दोरी हातातून सुटली आणि सगळं दूध गावच्या गटारीला. त्यानंतर कुणी पुढून ओढली नाही. दोघी-तिघी खाली उभ्या राहायच्या आणि मागून लोटायच्या. हात थकला तरी गाडी आपल्या अंगावर टेकते, पळून जात नाही.

"मागून लोटायचो," मी ओरडले.

"मग ह्या बाप्यांना सांग की," आक्का म्हणाली. "कवाची बघतीया. म्होरून वढाया लागलेत."

ह्यांनी कचरूकडं बघितलं, कचरूनं ह्यांच्याकडं. कचरूच्या तोंडावर असं काही आलं की मला त्याची दया आली. जन्मभर ज्यानं ऊस वाहिला त्याला ट्रॅक्टर ट्रॉलीच्या मागं लावायचं स्वप्नात तरी येईल का? आमच्याकडं जे काय चालतं ते पुढून ओढूनच. बैल पुढं, ट्रॅक्टर पुढं. इंजिन डब्याच्या खालच्या अंगाला लावलं तर डबा सुटायचा तरी कुठं? सुटला तर इंजिनावरच टेकणार. आणि उतरतानाही इंजिन खालीच, आडवं उभं राहिल्यासारखं. इतकी साधी गोष्ट, आणि मी स्वतः ती वर्षानुवर्षं हातानं केलेली. मलाही सुचली नाही.

"लोट बे," कचरू हळूच म्हणाला, "लोटून बघू."

ह्यांनी वाकलेला आकडा सरळ केला, डबा पुढं, इंजिन मागं. मी किटली पुन्हा भरली. गाडी चढाला लागली, टकटक, बाभळीच्या मुळापाशी जरा अडली आणि दातात दात घालून वर गेली. पण आता दुसरंच. गाडी चालवायची डबी, तिच्यावर एक गोल बटण, ती ह्यांच्या हातात खाली, आणि वरचं टोक ह्यांना नीट दिसेना. बटण उशिरा फिरवलं. डबा आक्काच्या ओट्याच्या पायरीला जाऊन धडकला आणि वाटीभर पाणी सांडलं.

"हे वरूनच चालवाया पायजे," हे म्हणाले. "जो घेणार त्यानंच."

डबीपासून रुळापर्यंतची वायर आखूड होती, म्हणून कचरूनं ट्रॉलीच्या लाल दिव्याची लांब वायर घरून आणली आणि जोडली. डबी घेऊन वर कोण जाणार? मी गेले. गुडघे बोलत होते, मी ऐकलं नाही. ओट्यावर पोचले तेव्हा धाप लागली होती. खाली ह्यांनी गाडी पुन्हा सपाटीला नेऊन, किटली भरून उभी केली होती. मी डबी आक्काच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?" ती म्हणाली. "मला काय येतंय ह्यातलं? मोहन, तू चालव."

मोहनराव पुढं झाला. मी त्याच्या आड हात धरला.

सगळे शब्द मी वाटेत जुळवून आणले होते. आक्का, त्या दिवशी विहिरीवर तुमी, असं-असं. चव्वेचाळीस वर्षांचं साठलेलं. पण तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं, मी तोंड उघडलं की ही पुण्याला जाईल, पण ऐकून घेणार नाही. तेव्हा माझ्या तोंडून दुसरंच निघालं.

"माझे गुडघे गेलेत, आक्का," मी म्हणाले. "तुमची तुमी वर घ्या."

ती माझ्याकडं बघत राहिली. ह्या वेळी डोंगराकडं नाही. तिच्या हनुवटीला जरासा कंप आला आणि मला कळलं की तिला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

तिनं बटण फिरवलं. आधी जास्त फिरवलं, गाडीनं हिसका दिला, मग कमी केलं. दूध मापणाऱ्या बाईचा हात तो, अंदाज लगेच आला. टकटक करत किटली चढ चढू लागली. आक्का पुढं वाकून बघत होती, ओठ हलत होते. बाभळीच्या मुळापाशी तिनं बटण थोडं वाढवलं, वर येता-येता कमी केलं, आणि गाडी पायरीपासून हातभर अलीकडं थांबली. तिनं स्वतः वाकून किटली उचलली. मोहनराव मदतीला आला, तर त्याला कोपरानं बाजूला केलं.

घरात वाडवडलांच्या नावाची मातीची घागर पाटावर मांडून ठेवलेली होती, पूजेसाठी, रिकामी. टाकीतलं मचूळ पाणी त्यात घालायचं तिच्या जिवावर आलं होतं. तिनं भिंतीला धरत-धरत आत जाऊन किटलीतलं पाणी त्या घागरीत ओतलं. मी दारात उभी होते. सासऱ्याच्या नावाची घागर, आणि पाणी आमच्या दारातल्या हापशाचं. तिलाही ते सुचलं असावं, कारण ओतता-ओतता ती म्हणाली, "पिऊ दे म्हाताऱ्याला. गोड हाय."

मग मोहनरावाला म्हणाली, "पिशव्या आत ठेव. तू उद्या जा, मी न्हाई येत."

"आई, पण रोज..."

"रोज मी घेईन की. हात चालत्यात माझे." तिनं डबी उचलून दाखवली. मोहनरावानं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पिशव्या उचलून आत नेल्या. जाताना तो माझ्या पाया पडला, मी नको-नको म्हणत असताना.

त्या दिवसापासून आजतागायत ती गाडी आक्काच चालवते. पुढं पाऊस झाला, तिच्या विहिरीलाही पाणी आलं, तरी पिण्याचं पाणी ती ह्याच गाडीनं नेते. हे रोज सकाळी रूळ पुसतात, कचरू आकडे तपासतो आणि मोठ्यानं सांगतो की इंजिन मागं लावायचं त्याच्या मनात आधीपासून होतं. माझ्या हापशाचं पाणी घ्यायला ती कधी नाही म्हणाली नाही, कारण ते तिला कुणी दिलेलं नाही. तिनं ते घेतलेलं आहे. किटली वर जाताना मी रोज बघते आणि रोज मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हणते. विहिरीवरच्या त्या पोरीच्या वतीनं म्हणते.

पण तो आखितीचा दिवस सांगत होते. पूजा झाली, आम्ही दोघी ओट्यावर बसलो. गोड पाण्याचा चहा झाला होता, दूध फाटलं नव्हतं. खाली कचरूचं आणि ह्यांचं वायरीवरून चाललेलं होतं.

"मालन," आक्का म्हणाली, खाली बघत. "तवा माझे हात खरंच भरून आलते गं."

"असू द्या," मी म्हणाले. "माझे गुडघेबी खरंच गेलेत."

तिनं बटण उलटं फिरवलं आणि रिकामी किटली दुसऱ्या खेपेला खाली सोडली.